जुनं कुलूप विकण्याआधी त्याचा इतिहास वाचायला शिका



मागच्या व्हिडिओत काउंटरच्या मागची जुन्या कुलपांची फळी दिसली आणि तेव्हापासून तुम्ही एकच प्रश्न विचारताय, "ताई, जुन्या कुलपांचा धंदा होतो का?"

होतो. पण गिऱ्हाईक नुसतं कुलूप घेत नाही, त्याच्यासोबत त्याची माहितीही घेतं. ती माहिती खोटी निघाली तर कुलूप परत येतं आणि आपलं नावही जातं. मी हे पुस्तकात वाचलेलं नाही, साडेचार हजार रुपये परत देऊन शिकले आहे. म्हणून आधी तो किस्सा सांगते, मग कामाचं बोलू.

वाड्यातलं कुलूप

तालुक्याच्या गावी आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. बीबीए झाल्यावर मी पप्पांसोबत गल्ल्यावर बसायला लागले. सात वर्षांपूर्वी गावातला एक जुना वाडा पाडला. तिथलं लोखंड उचललेला भंगारवाला आमच्याकडे दोरी घ्यायला आला होता. त्याच्या गाडीतल्या पोत्यात अकरा कुलपं दिसली. मी सगळी किलोच्या भावाने घेतली. त्यातलं एक तळहाताएवढं, चांगलं वजनदार. "ताई, हे पेशव्यांच्या काळातलं बरं का," तो म्हणाला. मी लगेच खरं मानलं, कारण ते खरं असावं असं मला वाटत होतं.

रात्रभर ते ॲसिडमध्ये बुडवलं. सकाळी बफ मारून चकाचक केलं आणि शेजारी कार्ड ठेवलं, "पेशवेकालीन कुलूप, दुर्मीळ". महिन्याभरात एका काकांनी ते ४,५०० रुपयांना घेतलं. काका कारखान्यात टूलरूममध्ये होते, आता निवृत्त. मुलाच्या नव्या घरात दिवाणखान्यात लावायचं होतं त्यांना.

नवव्या दिवशी काका कुलूप घेऊन परत आले. आवाज चढवला नाही. खिशातून भिंग काढलं आणि म्हणाले, "पोरी, हे वाच." कडीच्या आतल्या बाजूला, जिथे माझा बफ पोचला नव्हता, तिथे इंग्रजीत बारीक अक्षरं होती: मेड इन इंग्लंड. खाली एक पुसट आकडा आणि 'लिव्हर्स' हा शब्द.

"पेशवाई १८१८ साली संपली," काका म्हणाले. "आणि हे बघ, समोर ही जागा जरा खोलगट लागते. इथे बनवणाऱ्याचं नाव असणार. ते तू घासून टाकलंस. कुलूप मला अजूनही आवडतंय गं, पण नातवाने विचारलं हे कुणाचं, तर मी काय सांगू?"

मी पैसे परत दिले. त्या दिवशी माझ्याकडून दोन चुका झाल्या होत्या. कुलपाला मी खोटा इतिहास चिकटवला, आणि त्याच्या अंगावरचा खरा इतिहास स्वतःच्या हाताने पुसला. पहिली चूक पैसे देऊन मिटली, दुसरी आजही मिटलेली नाही.

आता या चुका तुमच्याकडून होऊ नयेत म्हणून काय करायचं ते बघू.

पायरी एक: कुलपावरची अक्षरं वाचा

कुलूप हातात आलं की आधी कापड नाही, मोबाईल घ्या. सहा बाजूंनी फोटो काढा: समोर, मागे, खाली, कडीच्या दोन्ही बाजू आणि किल्लीच्या भोकाजवळ. टॉर्च तिरका धरला की पुसट अक्षरंही उठून दिसतात. मग अक्षरांवरून काळ काढायचा. मला कामाला येणाऱ्या खुणा अशा आहेत:

१. देशाचं नाव. ब्रिटनमध्ये १८८७ साली मालावरच्या छाप्यांचा कायदा झाला. त्यानंतर मालावर देशाचं नाव छापण्याची पद्धत वाढली. म्हणून 'मेड इन इंग्लंड' दिसलं तर कुलूप बहुतेक त्यानंतरचं.

२. नोंदणी क्रमांक. ब्रिटिश मालावर 'आरडी नंबर' आणि पुढे आकडा असेल तर ती डिझाइनची नोंदणी असते. ही आकड्यांची मालिका १८८४ मध्ये सुरू झाली. त्याआधी, १८४२ ते १८८३ या काळात, चौकटच्या पत्त्यासारखी खूण असायची. एक लक्षात ठेवा, क्रमांक सांगतो ते डिझाइन नोंदवल्याचं साल. तुमच्या हातातलं कुलूप त्यानंतर कितीतरी वर्षांनी बनलेलं असू शकतं.

३. राजाची अक्षरं. सरकारी कुलपांवर मुकुट आणि दोन अक्षरं असतात. 'व्ही आर' म्हणजे व्हिक्टोरिया राणी, १८३७ ते १९०१. 'जी आर' असेल तर पाचवा किंवा सहावा जॉर्ज, म्हणजे १९१० ते १९५२ मधलं.

४. रेल्वेची अक्षरं. आपल्या भागात ही कुलपं बरीच सापडतात. 'जीआयपीआर' म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी सोडली ती हीच कंपनी. १९५१ मध्ये ती मध्य रेल्वेत गेली. 'बीबी अँड सीआय' ही बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे, तीही १९५१ मध्येच पश्चिम रेल्वेत आली. म्हणजे ही अक्षरं दिसली की कुलपाच्या वयाची एक हद्द तुम्हाला आपोआप मिळते.

पायरी दोन: आतली रचना ओळखा

अक्षरं नसतील तर कुलपाचं पोट बघा. मला हे त्याच काकांनी शिकवलं. पैसे परत घेतल्यानंतर ते दर रविवारी दुकानात यायला लागले, माझ्यासोबत एकेक कुलूप बघायला.

आपल्याकडच्या जुन्या कुलपांत दोन साध्या जाती नेहमी भेटतात. पहिली पेचाची. तिच्या किल्लीला स्क्रूसारखे आटे असतात. किल्ली फिरवत आत नेली की आतला दांडा ओढला जातो आणि कडी सुटते. दुसरी पात्यांची. आत पोलादी पाती पसरलेली असतात. किल्ली फिरवायची नाही, सरळ आत ढकलायची, की पाती दबतात आणि दांडा बाहेर निघतो.

त्यानंतरच्या रचनांना मात्र तारखा आहेत. १७७८ मध्ये इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॅरनने लिव्हरच्या कुलपाचं पेटंट घेतलं. त्याची युक्ती अशी की आतली पट्टी ठरलेल्या उंचीपर्यंतच उचलली गेली पाहिजे. कमी उचलली तरी कुलूप बंद, जास्त उचलली तरी बंद. १७८४ मध्ये जोसेफ ब्रामाने नळीसारख्या किल्लीचं कुलूप काढलं. १८१८ मध्ये जेरेमाया चबने असं कुलूप बनवलं की कुणी चुकीची किल्ली घालून खटपट केली तर आतली एक पट्टी अडकून बसायची आणि मालकाला कळायचं. पोर्ट्‌स्मथच्या गोदीत बनावट किल्ल्यांनी चोरी झाली, त्यानंतर ते कुलूप जन्माला आलं. आणि आज तुमच्या दाराला जे चपट्या, दातेरी किल्लीचं कुलूप आहे ती रचना अमेरिकेच्या लायनस येल ज्युनियरने १८६० च्या दशकात पक्की केली. पडत्या खुंट्यांचं हेच तत्त्व प्राचीन इजिप्तच्या लाकडी कुलपांतही होतं.

आता यातला नियम नीट समजून घ्या. कुलूप त्याच्या रचनेपेक्षा जुनं असूच शकत नाही. आत लिव्हर आहेत आणि विकणारा म्हणतोय "शिवाजी महाराजांच्या काळातलं", तर हात जोडा आणि पुढे चला. पण उलटं खरं नसतं. पेचाची आणि पात्यांची कुलपं नवी रचना आल्यावरही कितीतरी वर्षं बनत राहिली. म्हणून साधं दिसतंय म्हणजे जुनं आहे, असं समजू नका. नव्या माणसाचे पैसे इथेच बुडतात.

पायरी तीन: कागद शोधा

संशोधन म्हटलं की लोक घाबरतात. त्यासाठी पीएचडी लागत नाही, संध्याकाळी मोबाईलवर एक तास द्या. कुलपावर पेटंटचा क्रमांक किंवा तारीख असेल तर पेटंटची चित्रं इंटरनेटवर फुकट बघता येतात. आल्फ्रेड हॉब्ज आणि चार्ल्स टॉमलिन्सन यांचं कुलपांवरचं १८५३ चं पुस्तक आणि जॉर्ज प्राइसचं १८५६ चं पुस्तक, दोन्ही आता स्वामित्वहक्काच्या बाहेर आहेत. आतल्या रचनांची माहिती तिथे चांगली मिळते.

भारतीय कुलपांसाठी तीन नावं पक्की लक्षात ठेवा. अलिगढमध्ये १८७० च्या सुमारास जॉन्सन अँड कंपनी इंग्लंडहून कुलपं आणून विकायची. १८९० मध्ये तिने तिथेच कुलपं बनवायला घेतली. तमिळनाडूतल्या दिंडिगुलच्या कुलपांना २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आणि तिसरं आपल्या मुंबईचं, लालबागचं. अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ मध्ये तिथे कुलपं बनवायला सुरुवात केली. त्याआधी ते शस्त्रक्रियेची हत्यारं बनवत होते. त्यावर 'मेड इन इंडिया' छापायचं की नाही, यावरून गिऱ्हाइकाशी बिनसलं आणि तो धंदा त्यांनी सोडला. मग कुलपांकडे वळले. त्या कंपनीचं स्वतःचं अर्काइव्ह आज विक्रोळीत आहे.

आणि पुण्याला गेलात तर राजा दिनकर केळकर संग्रहालय बघाच. दिनकर केळकर यांचा घरचा व्यवसाय चष्म्यांचा. साधारण १९२० पासून त्यांनी दिवे, अडकित्ते, कुलपं अशा घरगुती वस्तू जमवायला सुरुवात केली. पुढे तो संग्रह वीस हजारांच्या वर गेला आणि त्यांनी तो राज्य सरकारकडे सोपवला. दुकान सांभाळणारा माणूस एवढं करू शकतो, हे मला तिथे गेल्यावर कळलं.

काचेतलं कुलूप

या सगळ्या वाचनात मला धंद्याच्या दृष्टीने सर्वात आवडलेली गोष्ट जोसेफ ब्रामाची आहे. लंडनमध्ये पिकॅडिलीला त्याचं दुकान होतं. सुमारे १७९० पासून त्याने काचेत एक कुलूप ठेवलं आणि पाटी लावली: हे कुलूप उघडणारं हत्यार जो बनवेल त्याला दोनशे गिनी बक्षीस. ब्रामा १८१४ मध्ये वारला. कुलूप तिथेच राहिलं, साठेक वर्षं.

१८५१ मध्ये लंडनला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. तिथे आलेल्या आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन माणसाने आधी चबचं कुलूप साक्षीदारांसमोर सुमारे २५ मिनिटांत उघडलं. मग तो ब्रामाच्या कुलपाला बसला. सोळा दिवसांत मिळून सुमारे ५१ तास लागले, पण उघडलं. त्याने फार वेळ आणि फार साधनं वापरली अशी कंपनीने कुरकुर केली, तरी दोनशे गिनी दिल्या.

ब्रामाने दावा उघड्यावर ठेवला होता. कुणीही यावं, तपासावं. मी माझं "पेशवेकालीन" कार्ड लिहिलं तेव्हा ते कुणी तपासेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. तुम्ही जे काही विकता, लोणचं असो, कुर्ती असो की कुलूप, त्यावर जे लिहिता ते उद्या कुणीतरी भिंग घेऊन वाचणार आहे असं समजूनच लिहा.

साफसफाई: कमी करा

ॲसिड नाही, बफ नाही, पॉलिश पेपर नाही. दात घासायचा जुना मऊ ब्रश, कोरडं कापड आणि दोन थेंब मशीन ऑइल, एवढंच. अडकलेल्या कुलपात तेल सोडून रात्रभर ठेवा, जबरदस्तीने किल्ली फिरवू नका. जुनी किल्ली आत तुटली की कुलपाची निम्मी किंमत गेली. पितळेवरचा जुना तपकिरी रंग हाही पुरावाच आहे, तो काढू नका.

बनावट जुनं कसं ओळखायचं? झीज बघा. खऱ्या वापरात कडी जिथे कोयंड्याला घासते तिथे आणि किल्लीच्या भोकाच्या काठाला झीज होते. सगळीकडे सारखाच गंज, आत कोरे करकरीत स्क्रू आणि शेजारी अगदी तसलीच चार कुलपं दिसली तर समजून जा.

कायदा: शंभर वर्षांची रेघ

हा भाग दोनदा वाचा. आपल्या देशात पुरावस्तू आणि कलावस्तूंसाठी १९७२ चा कायदा आहे, १९७६ पासून लागू. शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी वस्तू त्याच्या व्याख्येत येते. अशा वस्तू विकण्याचा धंदा करायला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचा परवाना लागतो. आणि त्या परदेशात पाठवणं खासगी माणसाला मनाई आहे. पाठवल्या तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि दंड.

आता माझी गंमत बघा. माझं कार्ड खोटं होतं म्हणून मी पैसे परत दिले. पण ते कार्ड खरं असतं, तर मी विनापरवाना पुरावस्तू विकली असं झालं असतं!

म्हणून माझा आजचा नियम: कुलूप शंभर वर्षांच्या आतलं आहे हे दाखवता येत असेल तरच विकायचं. शंका असेल तर ते माझ्या संग्रहात जातं, प्रदर्शनात मांडलं जातं, व्हिडिओत येतं, पण बिलावर येत नाही. परदेशातून ऑर्डर आली तर आधी पुरातत्त्व विभागाकडून, वस्तू पुरावस्तू नसल्याचं प्रमाणपत्र घ्यायचं. आणि खरेदी करताना विकणाऱ्याचं नाव, तारीख, वस्तू कुठून आली हे लिहून सही घ्यायची. देवळाचं किंवा वाड्याचं चोरलेलं कुलूप आपल्या फळीवर आलं तर "मला माहीत नव्हतं" हे पोलिसांना पटवणं अवघड जातं.

पैशाचा हिशोब

समजा पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी तुम्ही एक कुलूप ४०० रुपयांना घेतलं. प्रवासाचा वाटा १५०. ब्रश, तेल, डबी ३०. फोटो, साफसफाई, माहिती शोधणं यात तीन तास गेले, तासाला १०० धरा, ३००. झाले ८८०. आणि आपण काय करतो? "चारशेचं आठशेला विकलं, दुप्पट सुटले" म्हणत खूश होतो. प्रत्यक्षात ८० रुपये खिशातून गेले.

दुसरी गोष्ट, हा माल लवकर हलत नाही. माझ्याकडे दोन-दोन वर्षं पडून राहिलेली कुलपं आहेत. त्यामुळे कर्ज काढून यात उतरू नका. पाच हजारांची मर्यादा घाला आणि एकच विषय निवडा: फक्त पेचाची, फक्त रेल्वेची किंवा फक्त मुंबईत बनलेली. एका विषयातली वीस कुलपं तुमच्याकडे असली की त्या विषयात लोक तुम्हाला विचारायला येतात. सगळ्या प्रकारची दोनशे असली तर त्याला भंगारच म्हणतात.

कार्ड कसं लिहायचं

मी आता प्रत्येक कुलपाला चार ओळींचं कार्ड करते. पहिल्या ओळीत जे डोळ्यांनी दिसतं ते: धातू, वजन, माप, रचना, अक्षरं. दुसऱ्या ओळीत जे कागदावरून कळलं ते. तिसऱ्या ओळीत माझा अंदाज, आणि तो अंदाज आहे असं स्पष्ट लिहून. चौथ्या ओळीत मी त्याला काय केलं ते: तेल दिलं, किल्ली नवी बनवली, वगैरे.

पप्पांना आधी हे पटलं नव्हतं. "अंदाज आहे असं लिहिलंस तर घेणार कोण?" त्यांचं म्हणणं. आता तेच गिऱ्हाइकाला म्हणतात, "कार्ड वाचा आधी, मग भाव विचारा."

काकांचं ते कुलूप आजही काउंटरवर आहे. विकायला नाही. त्याचं कार्ड मी नव्याने लिहिलंय: "लोखंडी लिव्हर कुलूप. इंग्लंडमध्ये बनलेलं. आमच्या गावातल्या वाड्यातून आलं. बहुधा १८८७ नंतरचं, हा अंदाज. बनवणाऱ्याचं नाव समोर होतं, ते दुकानदाराने बफ मारून घालवलं." लोक ते वाचतात, माझ्याकडे बघून हसतात, आणि मग बाकीची कार्डं निर्धास्त वाचतात.

या आठवड्याचा गृहपाठ: घरात, आजोळी, शेतावरच्या खोलीला एखादं जुनं कुलूप असेलच. ते घासू नका. सहा फोटो काढा आणि चार ओळींचं कार्ड लिहा. तिसरी ओळ प्रामाणिकपणे लिहिता आली की पुढचं बोलू.

पुढच्या व्हिडिओत मी पेचाचं कुलूप उघडून दाखवणार आहे. काकाही येणार आहेत, भिंग घेऊन.